रोजगार हमी योजना: दुष्काळी कामांपासून परराष्ट्र धोरणापर्यंत

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा इतिहास आजवर बहुधा एकाच वाटेने सांगितला गेला आहे. विसापूरचा प्रयोग, बहात्तरचा दुष्काळ, १९७७ चा कायदा आणि शेवटी दिल्लीचा २००५ चा कायदा, हे त्याचे ठरलेले टप्पे. ही वाट खरीच आहे, पण तिच्यावरून जाताना योजनेची एक बाजू नजरेआड राहते. ही योजना ज्या दशकात आकाराला आली, त्या दशकात मुंबई बंदराला लागणारे गव्हाचे जहाज हा परराष्ट्र व्यवहाराचा विषय होता. ते कधी निघणार, किती भरून निघणार आणि त्याच्या बदल्यात दिल्लीने काय बोलायचे व काय बोलायचे नाही, हे सातासमुद्रापार ठरत असे. अशा काळात खेड्यातल्या भूमिहीनाला काम मागण्याचा हक्क देण्याचा विचार एका राज्याने केला. त्याचा परिणाम राज्याच्या कारभारापुरता राहणे शक्य नव्हते. या स्मरणिकेसाठी योजनेचा इतिहास मांडताना माझे म्हणणे असे आहे की, गरीब देशाला आपत्तीच्या वर्षीही परराष्ट्र धोरण स्वतःच्या बुद्धीने चालवायचे असेल, तर त्याच्याकडे दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे गरिबांच्या हातात मजुरी पोचवणारी कायमची यंत्रणा, आणि दुसरी म्हणजे ती चालवण्यासाठी स्वतःचा कर. रोजगार हमी योजना हा या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो पुरावा कुठे कच्चा पडतो, तेही इथे पाहायचे आहे.

दुष्काळात सरकारने कामे काढायची ही रीत आपल्याकडे योजनेच्या कितीतरी आधीची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी कामांवर लोटलेल्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दिवसाला पाऊंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली गेली. तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची बाजू घेतली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. नंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. प्रशासनाच्या दृष्टीने त्या मोठे पाऊल होत्या, कारण मजुरी, कामाचे माप, तपासणी, वृद्ध व आजारी माणसांसाठी फुकट धान्य या सगळ्याचे नियम पहिल्यांदाच कागदावर आले. पण संहितेची किल्ली कलेक्टरच्या हाती होती. त्याने टंचाई जाहीर केली तर कामे निघत, एरवी नाही. भुकेल्या माणसाला सरकारकडे मागण्यासारखे काही नव्हते, जे मिळेल ते सरकारच्या मर्जीने मिळे. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ही रचना जवळपास तशीच राहिली. योजनेने पुढे बदल केला तो नेमका इथे, आणि तो समजून घेण्यासाठी आधी साठच्या दशकातली धान्याची राजनीती पाहायला हवी.

१९५६ मध्ये भारताने अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली धान्य घेण्याचा पहिला करार केला. डॉलर खर्च न करता रुपयांत गहू मिळत होता, त्यामुळे परकीय चलनाची ओढाताण असलेल्या देशाला तो सोयीचा वाटला. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पाऊस चुकला, तेव्हा त्या सोयीची किंमत कळली. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेचा होता. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्षाचा करार करण्याऐवजी थोडे थोडे धान्य सोडण्याचे धोरण धरले. शेतीविषयक धोरण बदला, हा आग्रह त्यामागे होता. व्हिएतनामच्या युद्धाबद्दल भारताने काय बोलावे, ही अपेक्षाही होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. जुलैमध्ये मॉस्कोत इंदिरा गांधींनी सोव्हिएत नेत्यांसोबत व्हिएतनामबाबत जे संयुक्त निवेदन काढले त्याने वॉशिंग्टन चिडले, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात, बिहार होरपळत असताना, जहाजे अडखळली. जॉन्सन यांच्या आग्रहातून भारताच्या शेतीला गती मिळाली असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तेव्हाचे कृषिमंत्री चि. सुब्रमण्यम यांना सुधारित गव्हाचा कार्यक्रम रेटायचाच होता, बाहेरच्या दबावाने त्यांचे देशातले विरोधक नरमले. मात्र सुधारणा चांगली निघाली म्हणून दबाव योग्य ठरत नाही. पाटण्यातल्या माणसाचे पोट आणि हनोईवरचे बाँब यांचा एकमेकांशी संबंध जोडला गेला, हे त्या वर्षाचे वास्तव आहे आणि ते दिल्लीतल्या धोरणकर्त्यांच्या मनात खोल रुतले.

याच १९६५ सालात सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात विसापूरला वेगळ्या दिशेने विचार चालला होता. विठ्ठल सखाराम पागे हे सर्वोदय विचाराचे कार्यकर्ते आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. ग्रामीण भागात काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम द्यायचे ठरवले तर किती खर्च येईल आणि त्यातून गावाची जमीन व पाणी सुधारता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो गांभीर्याने घेतला आणि विसापूर परिसरात प्रयोग सुरू झाला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतजमिनीच्या फेरवाटपाने सर्वांचे दारिद्र्य हटणार नाही, त्यासाठी सार्वजनिक कामांतून मजुरी द्यावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पागे आणि हे दोघे अर्थतज्ज्ञ यांच्या विचारांचे उगम वेगळे होते, एकाचा गांधींकडे जाणारा आणि दुसऱ्यांचा आकडेवारीतून निघालेला, तरी दोघे एकाच ठिकाणी येऊन पोचले. मे १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू करण्याचा निर्णय झाला. तोवर दुष्काळाने राज्याला इतके घेरले होते की योजना बाजूला ठेवून टंचाईची कामे काढणे भाग पडले. योजनेच्या पहिल्या दोन वर्षांचा इतिहास म्हणजे खरे तर या दुष्काळी कामांचाच इतिहास आहे, आणि तो सविस्तर सांगायला हवा.

१९७० ते १९७३ या काळात राज्याच्या मोठ्या भागात सलग पाऊस हुकला. शेवटच्या वर्षी मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि सांगलीचा पूर्व भाग अक्षरशः करपून गेला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, जत्थेच्या जत्थे कामाच्या शोधात निघाले. सरकारने कामे काढली ती पाझर तलावांची, नालाबांधांची, बांधबंदिस्तीची, रस्त्यांची आणि खडी फोडण्याची. मे १९७३ मध्ये या कामांवरची हजेरी सुमारे ५० लाखांवर पोचली. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे शहरे धरूनही दर दहा माणसांमागे एक जण दुष्काळी कामावर होता. त्यात बायकांची संख्या फार मोठी. एरवी कधी मजुरीला न गेलेल्या घरांतल्या सुनाही हातोडा घेऊन खडीवर बसल्या. मस्टरवर नाव चढले की आठवड्याचा बाजार करता येई, आणि कामावर सुकडी मिळे. मजुरी कमी होती, माप काढण्यात अन्याय होई, पगार रखडे. त्याविरुद्ध मोर्चे निघाले, संप झाले. लाल निशाण पक्षापासून समाजवाद्यांपर्यंत अनेकांनी दुष्काळी मजुरांच्या संघटना बांधल्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिला लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. सरकारला हलते ठेवण्याचे श्रेय या आंदोलनांना द्यावेच लागते. एवढ्या मोठ्या पिकबुडीनंतर कुपोषण वाढले, संसार मोडले, पण भूकबळींची ती रांग लागली नाही, जी शतकभरापूर्वी याच पठारावर लागली होती. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे: सरकारी स्वस्त धान्याने तूट पूर्ण भरून निघाली नव्हती. मजुरांच्या हातात पैसा आल्यामुळे आंतरराज्य व्यापारावर निर्बंध असतानाही खासगी व्यापाऱ्यांनी धान्य राज्यात आणले. क्रयशक्ती गावात पोचली आणि तिच्यामागे धान्य आले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. त्या वर्षांतही बाहेरचे धान्य आलेच होते. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन गहू उसना दिला, तोही मैत्रीच्या राजकारणाचाच भाग. मग धान्याच्या स्वातंत्र्याचा दावा कशाच्या बळावर करायचा? उत्तर असे की स्वातंत्र्य म्हणजे आयात शून्यावर आणणे असा अर्थ मी धरत नाही. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेने भारताची आर्थिक मदत रोखली होती. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार देशावर पडून गेला होता. सवलतीच्या अमेरिकन गव्हावाचून पुढचे वर्ष काढायचे भारताने ठरवले, आणि नेमका त्याच वर्षी मोसमी पाऊस फसला. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचलल्यामुळे जगात गव्हाचे भाव भडकले होते. भारताने त्या भडकलेल्या बाजारात रोख पैसे मोजून धान्य घेतले. १९६६ मध्ये जहाज अडले की माणसे मरतील अशी भीती होती. १९७३ मध्ये जहाज उशिरा आले तरी ५० लाख माणसांच्या हाती आठवड्याची मजुरी होती, आणि जिथे धान्य असेल तिथून ते खेचून आणण्याची ताकद त्या मजुरीत होती. सरकारला वाटाघाटीसाठी वेळ मिळाला, आणि परराष्ट्र व्यवहारात वेळ मिळणे ही मोठी गोष्ट असते. पंजाबच्या हरितक्रांतीचा गहू नसता तर हे जमले नसते, हेही मान्य करायला हवे. पण १९६७ मध्ये बिहारला जे धान्य पोचत होते ते बहुतांशी सरकारी आणि धर्मादाय वाटपातून, आणि महाराष्ट्रात ते पोचले मुख्यतः मजुरीच्या पैशातून. गहू पिकला तरी तो विकत घेण्याची ऐपत भूमिहीनाला आपोआप येत नाही.

हा फरक किती खोल आहे ते पुढच्याच वर्षी शेजारी दिसले. १९७४ मध्ये बांगलादेशात पूर आले, शेतातली कामे बुडाली, तांदळाचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच सुमारास नव्या सरकारने क्युबाला तागाच्या गोण्या विकल्या होत्या. क्युबाशी व्यापार करणाऱ्या देशाला पीएल ४८० चे धान्य देता येत नाही, हा नियम पुढे करून अमेरिकेने पुरवठा रोखला. बांगलादेशाने ती निर्यात थांबवल्यावर धान्य मोकळे झाले, तोवर दुष्काळाचा मुख्य घाला पडून गेला होता. सरकारी आकडा २६ हजार मृत्यूंचा, अनेक अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की त्या वर्षी देशात दरडोई धान्याची उपलब्धता आधीच्या दोन-तीन वर्षांपेक्षा कमी नव्हती. मजुरांची मजुरी बुडाली होती आणि ती भरून काढणारी यंत्रणा नव्हती. युद्धातून नुकत्याच निघालेल्या, तिजोरी रिकामी असलेल्या देशाची महाराष्ट्राशी तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य आहे. दोष देण्यासाठी मी ही तुलना करत नाही. धान्य अडवणाऱ्याला एवढी ताकद कुठून आली, ते तिच्यातून कळते. बांगलादेशाने पुढे कामाच्या बदल्यात धान्य आणि गरीब कुटुंबांना शिधापत्रांवर धान्य अशा योजना उभ्या केल्या. १९९८ चा महापूर १९७४ च्या पुरापेक्षा मोठा होता, पण दुष्काळ पडला नाही. खासगी व्यापाऱ्यांनी भारतातून तांदूळ आणला आणि गरिबांना सरकारी धान्य मिळत राहिले. ज्या देशाला एका गोणीच्या सौद्यावरून वेठीस धरले गेले होते, तो पाव शतकात त्या स्थितीतून बाहेर आला.

दुष्काळ ओसरल्यावर महाराष्ट्राने केलेले काम मला दुष्काळातल्या कामापेक्षाही मोठे वाटते. पाऊस आला, कामे आवरा, असा जुना शिरस्ता होता. तो मोडून योजना पुन्हा सुरू झाली आणि तिच्यासाठी पैशाची कायम सोय केली गेली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून हा कर घ्यायचा, त्याला विक्रीकर आणि मोटार वाहन करावरील अधिभार, बागायती जमिनीवरील कर अशी जोड द्यायची, आणि या करांतून जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची, अशी रचना होती. या कराचा मोठा वाटा मुंबईतून येणार हे उघड होते. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती, ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्यामागे हा इतिहास आहे, जो पगारपत्रक हाती घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतो. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, अंगमेहनतीचे काम, यंत्र व ठेकेदार यांना मज्जाव, लहान मुलांसाठी पाळणाघर, आणि विधिमंडळाची स्वतंत्र देखरेख समिती. बेकारभत्ता अवघा एक रुपया रोज होता. रक्कम नगण्य असली तरी काम देता आले नाही हे सरकारला लेखी कबूल करावे लागणार होते. घटनेच्या ४१ व्या कलमातला कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात पडून होता, त्याला पहिल्यांदा कायद्याचे अंग मिळाले. कलेक्टरच्या जाहीरनाम्यावर चालणारी दुष्काळ संहिता मागे पडली आणि मजुराच्या अर्जावर चालणारी व्यवस्था उभी राहिली. या सगळ्याच्या थोडे आधी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, पीएल ४८० च्या साचलेल्या रुपयांचा हिशेब मिटवताना अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. भारतीय बँकांत अमेरिकेच्या नावावर साठलेला तो पैसा होता. एक हिशेब मिटत होता आणि दुसरा, देशातल्याच शहराने खेड्याला द्यायचा, सुरू होत होता. या दोन घटनांना जोडणारा सरकारी कागद नाही आणि तो असल्याचा दावाही मी करत नाही. पण दोन्हींमागे एकच धडा होता.

योजनेवरचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. पाझर तलावांचे पाणी ज्यांच्या विहिरींना लागले ते बहुधा बागायतदार होते. तलाव खोदणाऱ्या मजुराच्या वाट्याला त्यातला थेंबही आला नाही. योजना ग्रामीण सत्ताधाऱ्यांच्या सोयीची होती म्हणूनच ती टिकली, अशी मांडणी रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये केली. मला ती अर्धी खरी वाटते. योजना टिकण्यासाठी ताकदवानांची संमती लागली, पण त्या संमतीच्या आडून लाखो बायकांना घराबाहेरची स्वतःची मजुरी मिळाली. पावसात वाहून गेलेले रस्ते, खोटी मस्टरे, मुकादमांची मेहेरबानी हे सगळे घडले. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाला जोडली गेली, तेव्हा ती जवळपास दुप्पट झाली आणि हजेरी घसरली. काम मागणारे कमी झाले नव्हते, कामे काढण्यातच हात आखडला गेला, असे अर्थतज्ज्ञांनी आकडेवारीवरून दाखवले. म्हणजे पैसे वाढवावे लागताच सरकारने हमी पातळ केली. मेळघाटात कोरकूंची मुले कुपोषणाने दगावत राहिली, तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. विदर्भ-मराठवाड्यातला कर्जबाजारी शेतकरी आत्महत्या करत होता तेव्हाही तो होता. खडी फोडण्याची ताकद नसलेल्या म्हाताऱ्याला, अपंगाला या हमीने थेट काही दिले नाही. हे अपयश खरे आहे, आणि त्याचे कारण बहुतेक ठिकाणी कायद्यात नसून तो न राबवण्यात आहे. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कामावरचे बहुसंख्य मजूर दारिद्र्यरेषेखालचेच आढळले होते. जिथे काम निघे, तिथे ते योग्य माणसापर्यंत जाई.

नव्वदच्या दशकाबद्दल थोडक्यात. १९९० पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेली आणि डाळिंब, आंबा, काजू, बोर, सीताफळ यांच्या बागा कोरडवाहू तालुक्यांत उभ्या राहिल्या. त्याचा फायदा जमीन असलेल्यांना झाला, भूमिहीनाला लावणीपुरती मजुरी. याच काळात योजनेच्या नावाने गोळा झालेला कर तिच्यावर पूर्ण खर्च होत नाही, ही तक्रार वाढली आणि ती रास्त होती. पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून तो सुरू झाला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा आली, जी महाराष्ट्राच्या मूळ हमीत नव्हती. देशभर पसरताना हमी रुंद झाली आणि उथळही झाली. या कायद्याच्या थोडे आधी डिसेंबर २००४ ची त्सुनामी येते. भारताने परदेशी सरकारांची मदत नम्रपणे नाकारली आणि स्वतःची जहाजे श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे रवाना केली. तमिळनाडूतल्या मच्छीमारांना त्या नकाराचा तोटा झाला का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि काही ठिकाणी पुनर्वसन रेंगाळले हेही खरे. पण नकार देण्याची ऐपत देशात होती, आणि ती नौदलाने एकट्याने मिळवून दिलेली नव्हती. आपत्तीनंतर आपली माणसे सांभाळण्याची सवय राज्य यंत्रणेला अनेक दुष्काळांतून लागली होती. त्या सवयीचा एक मोठा धडा महाराष्ट्रातल्या खडी केंद्रांवर गिरवला गेला आहे.

आता ही गोष्ट भारताबाहेर नेऊन तपासू. इथिओपियाने २००५ मध्येच आपला उत्पादक सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. दरवर्षी आणीबाणीचे आवाहन करायचे आणि धान्याची वाट पाहायची हा क्रम सोडून, नेहमी उपाशी राहणाऱ्या लाखो ग्रामीण माणसांना दरवर्षी ठरावीक महिने मजुरी किंवा धान्य द्यायचे, त्या बदल्यात बांधबंदिस्ती आणि पाणलोटाची कामे करून घ्यायची, आणि काम न करू शकणाऱ्यांना सरळ मदत द्यायची, अशी त्याची घडण होती. शेवटची ही तरतूद आपल्या योजनेत नव्हती, त्या बाबतीत त्यांची रचना सरस. २०११ मध्ये आफ्रिकेच्या शिंगात भीषण अवर्षण आले. सोमालियात संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला आणि सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे मेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुले. तिथे अल-शबाब या सशस्त्र संघटनेने मदतसंस्थांना हाकलले होते, आणि अमेरिकेच्या दहशतवादविरोधी निर्बंधांमुळे मदतीचा हातही आखडला होता. इथिओपियाने मात्र चालू असलेला कार्यक्रम ताणून मुदत वाढवली, नवी माणसे त्यात घेतली आणि त्याच अवर्षणातून पुष्कळ कमी जीवितहानीत तो देश बाहेर आला. यंत्रणा आधीपासून उभी असली तर काय होते, त्याचा हा पुरावा झाला. तिचा पैसा कुणाचा आहे याचा पुरावा २०२३ मध्ये मिळाला. इथिओपियाच्या कार्यक्रमाचा मोठा भाग परदेशी दात्यांच्या पैशावर उभा होता. जून २०२३ मध्ये धान्याची चोरी होत असल्याच्या कारणावरून अमेरिकेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या देशाची अन्नमदत महिनोन्महिने थांबवली. चोरी खरी होती, चौकशी हवीच होती. पण चौकशी चालू असताना ज्यांनी काहीच चोरले नव्हते ते उपाशी राहिले, आणि त्यांना जाब विचारायला विधिमंडळ नव्हते, कोर्ट नव्हते, मोर्चा न्यायला कलेक्टर कचेरी नव्हती. खोटी मस्टरे महाराष्ट्रातही निघाली होती, तेव्हा तहसीलदारावर कारवाई झाली, कामे बंद पडली नाहीत.

यावर सर्वांत कठीण आक्षेप असा आहे की महाराष्ट्राकडे मुंबई होती. इथिओपियाच्या आदिस अबाबाकडे किंवा मलावीच्या लिलाँग्वेकडे तशी कर देणारी नगरी नाही. ज्या देशाचे एकूण महसुली उत्पन्नच तुटपुंजे, त्याला स्वतःच्या करावर रोजगार हमी चालवा म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. या आक्षेपातली पहिली गोष्ट मला मान्य आहे. दुसरी मान्य नाही. १९७५ चा व्यवसाय कर श्रीमंतांवरचा मोठा कर नव्हता, माणशी वर्षाला २५० रुपयांच्या मर्यादेतला होता. त्याचे महत्त्व रकमेइतकेच नात्यात होते: शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी कर द्यायचा, त्यामुळे त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार दोघांनाही आला. गरीब देशाने खर्चाचा तिसरा-चौथा हिस्सा जरी अशा नावानिशी ठरलेल्या करातून उभा केला, तरी यंत्रणा, मजुरांच्या याद्या, कामांचे आराखडे आणि तक्रारीची जागा ही सगळी देशाच्या कायद्याखाली येतात. बाहेरचा पैसा मग त्यात भर म्हणून येतो. तो आटला तर दिवस कमी होतील, मजुरी घटेल, पण मस्टर फाटणार नाही.

हाच मुद्दा आज हवामान बदलाच्या वाटाघाटींत महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे हानी व नुकसान निधी स्थापण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो सुरू करण्याचे ठरले. तिथे जाहीर झालेली रक्कम ७० कोटी डॉलरच्या आसपास होती, विकसनशील देशांच्या नुकसानीपुढे ती अगदीच अपुरी. रक्कम वाढवण्यासाठी भारताने भांडायलाच हवे. पण पैसा कोणत्या वाटेने जावा यासाठीही तितकेच भांडायला हवे, आणि त्या भांडणात आपल्या हाती स्वतःचा अनुभव आहे. अवर्षण किंवा महापुराची ठरलेली खूण दिसताच निधीची रक्कम आपोआप त्या देशाच्या कायद्याने चालणाऱ्या रोजगार हमीत किंवा तशाच कायम व्यवस्थेत जमा व्हावी, त्यासाठी वेगळा प्रकल्प, वेगळी कचेरी, वेगळा सल्लागार लागू नये, अशी मागणी भारताने आफ्रिकी देशांच्या बरोबरीने करावी. देणारे देश म्हणतील की सरकारी यंत्रणेत गळती असते. त्यांना विधिमंडळाची देखरेख समिती, गावसभेपुढचे सामाजिक अंकेक्षण आणि खुली हजेरीपत्रके दाखवावीत, आणि ती जिथे नाहीत तिथे उभी करण्याचा खर्च पहिल्यांदा मागावा. अर्थात हे बोलायला उभे राहण्याआधी महाराष्ट्राने आपल्याच घरातला एक हिशेब पुरा करायला हवा: व्यवसाय कराचे आजवर जमलेले पैसे आणि त्यातून मजुरांच्या हाती प्रत्यक्ष गेलेले पैसे, वर्षवार आणि जिल्हावार, जाहीर करायला हवेत.